त्याला जरूर घ्या, पण आधी बाक दाखवा

प्रति,
संचालक मंडळ आणि क्रीडा संचालक,
पस्तिशीतल्या स्ट्रायकरची फाइल सध्या ज्यांच्या टेबलावर आहे असे सर्व फुटबॉल क्लब

विषय: नावाजलेल्या, पण वय झालेल्या स्ट्रायकरला करारबद्ध करण्याबाबत

महोदय,

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ, उघडली की ही फाइल तुमच्याकडे येतेच. वरचं नाव दर वर्षी वेगळं, आतला मजकूर साधारण एकच. गेल्या हंगामात किती गोल, कारकिर्दीत किती करंडक, सोशल मीडियावर किती कोटी चाहते. जुन्या क्लबला द्यायची फी शून्य किंवा नावापुरती. सोबत एजंटचा निरोप असतो: आणखी दोन क्लब मागे लागलेत, लवकर कळवा. मग बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, असा खेळाडू पुन्हा मिळायचा नाही. दुसरा म्हणतो, तिशी ओलांडलेल्यावर छदामही घालवायचा नाही. बाहेर आम्ही प्रेक्षकही याच दोन तटांत विभागले जातो आणि विंडो बंद होईपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढतो.

माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. घ्या त्याला, वय हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. पण सही होण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असू द्या. त्याला बाकावर, म्हणजे राखीव खेळाडूंत, कोण बसवणार, कधी बसवणार, आणि तो बसायला तयार झाला नाही तर तुम्ही कोणाच्या पाठीशी उभे राहणार. हे ठरवायची हिंमत नसेल तर फाइल परत पाठवा, मग गेल्या हंगामात त्याने तीस गोल केलेले का असेनात.

आधी त्या गोलांबद्दलच बोलू, कारण बैठकीत सगळ्यांची नजर तिथेच खिळते. २०२१च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडने क्रिस्तियानो रोनाल्डोला परत आणलं. तो ३६ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये १८ गोल केले; त्याच्या पुढे सालाह आणि सोन एवढे दोघेच. चॅम्पियन्स लीगच्या गटात तर शेवटच्या मिनिटांत त्याने संघाला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. ३६व्या वर्षी हे जमणारा माणूस विरळाच, त्यात वादच नाही. आता संघाकडे बघा. आदल्या हंगामात युनायटेड ७४ गुणांसह दुसरी होती आणि तिचे लीगमध्ये ७३ गोल होते. रोनाल्डो आल्यावर ५८ गुण, सहावा क्रमांक आणि ५७ गोल. म्हणजे १८ गोल करणारा माणूस संघात वाढला आणि संघाचे १६ गोल कमी झाले.

याचं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं अन्याय होईल. त्या वर्षी प्रशिक्षक बदलला, बचाव ढासळला, अनेक जण आपल्या पातळीच्या खाली खेळले. तरीही युव्हेंटसचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. २०१८ साली त्यांनी ३३ वर्षांच्या रोनाल्डोसाठी १० कोटी युरो मोजले. त्याने १३४ सामन्यांत १०१ गोल केले. पण ज्या चॅम्पियन्स लीगसाठी त्याला आणलं, तिथे आधीच्या चार हंगामांत दोनदा अंतिम फेरी गाठणारा संघ त्याच्या तीन वर्षांत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेला नाही. आयाक्स, ल्यों, पोर्टो यांनी त्याला एकेका वर्षी बाहेर काढलं. शेवटच्या वर्षी तो २९ गोलांसह सेरी आचा, म्हणजे इटलीच्या लीगचा, सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची मालिका त्याच वर्षी तुटली. संघ चौथा आला.

हे होतं कसं? त्यासाठी गोलांची क्लिप बंद करा आणि सामन्याचा एखादा कंटाळवाणा तुकडा लावा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरकडे आहे. तो सावकाश डावीकडच्या सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, पास देतो. आपला स्ट्रायकर त्या सेंटर बॅकपासून दहा-बारा पावलांवर आहे आणि चालतोय. हात कमरेवर. एखाद्याने तरी दबाव टाकायला हवा, म्हणून मागून मधल्या फळीतला खेळाडू धावत वर येतो. तो वर आला की त्याची जागा मोकळी पडते. सेंटर बॅकला ती दिसते, कारण त्याच्या अंगावर कोणीच नाही आणि मान वर करून बघायला त्याच्याकडे चिक्कार वेळ आहे. चेंडू त्या मोकळ्या जागेत जातो. ती बुजवायला आपला फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, आत सरकतो आणि त्याची कड उघडी पडते. पाच सेकंदांत चेंडू तिथून आपल्या गोलसमोर. गोल झाला तर समालोचक फुल बॅकला झोडपतात, वर्तमानपत्रं बचावफळीला. चालणारा माणूस चित्रात कुठेच नसतो. पुढे ७८व्या मिनिटाला तो हेडरने बरोबरी साधतो आणि सामनावीर ठरतो.

त्याने चालणं हा गुन्हा नाही. पस्तिशीत त्याने ताकद राखूनच खेळायला हवं, नाहीतर ७८व्या मिनिटाला उडी घ्यायला पाय उरणार नाहीत. प्रश्न इतकाच की त्याच्या वाटचं धावणार कोण. आणि इथे युनायटेडने जे केलं ते मला आजही कळलेलं नाही. त्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात डॅनिएल जेम्स सुरुवातीपासून खेळला होता. गोल फारसे न करणारा, पण प्रतिस्पर्ध्याच्या बचावामागे जीव तोडून पळणारा पोरगा. रोनाल्डोची बातमी आली आणि काही दिवसांतच जेम्सला लीड्सला विकून टाकलं. म्हातारे पाय विकत घेतले आणि त्यांच्यासाठी पळणारे तरुण पाय त्याच आठवड्यात विकले. फाइलवर सही करण्याआधी आपल्या संघात असा जेम्स कोण आहे ते पाहा, आणि विक्रीच्या यादीत त्याचं नाव असेल तर ते आधी खोडा.

आता दुसरी बाजू. तीही तेवढीच खरी आहे, आणि तिशीनंतर कोणालाच घेऊ नका म्हणणारे ती सोयीस्करपणे विसरतात.

२०१९च्या डिसेंबरमध्ये एसी मिलान अटलांटाकडून ५-० हरली. संघ तरुण होता, पण कणाच नव्हता. काही दिवसांत त्यांनी ३८ वर्षांच्या झ्लाटान इब्राहिमोविचला परत बोलावलं. उरलेल्या अर्ध्या हंगामात त्याने लीगमध्ये १० गोल केले, पुढच्या हंगामात १९ सामन्यांत १५. मग २०२१मध्ये मिलानने चेल्सीकडून ३४ वर्षांचा ओलिव्हिए जिरू आणला. २०२१-२२मध्ये इब्राचा बराचसा हंगाम दुखापतीत आणि बाकावर गेला, तरी तो लीगमध्ये ८ गोल करून गेला. जिरूने ११ केले. फेब्रुवारीत इंटरविरुद्धचा डर्बी सामना मिलान हरत होती. जिरूने तीन-चार मिनिटांत दोन गोल करून तो फिरवला आणि विजेतेपदाच्या शर्यतीचं पारडं तिथून झुकलं. शेवटच्या दिवशी सासुओलोविरुद्ध पहिले दोन गोलही त्याचेच. अकरा वर्षांनी मिलान इटलीची विजेती झाली.

या यशाकडे बोट दाखवून एजंट तुम्हाला सांगेल, बघा, वयाने काही बिघडत नाही. त्याला विचारा, त्या संघात पळत कोण होतं? लेआव, तेओ हर्नांडेझ, तोनाली. विशीतली पोरं. जिरू चेंडू छातीवर घेऊन थांबवायचा आणि ती त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जायची. आणि इब्राला, ज्याच्या अहंकाराच्या कथा सगळ्या युरोपला पाठ आहेत, प्रशिक्षक स्तेफानो पिओलीने बाकावर बसवलं आणि तो बसला. बसून बाजूच्या पोरांवर ओरडत राहिला, पण बसला. तो गुडघा धरून खेळत होता हे पुढे कळलं.

मिलानचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र फारच गुलाबी होईल. २०२१च्या जानेवारीत त्यांनी ३४ वर्षांचा मारिओ मांजुकिच घेतला. युव्हेंटसमध्ये नाव कमावलेला, मेहनती, ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचा आवडता. क्लब तोच, प्रशिक्षक तोच, विचारही तोच. गोल शून्य. दुखापतीने त्याला खेळूच दिलं नाही. सभ्य माणूस, त्याने एका महिन्याचा पगार स्वतःहून सोडला. सगळं नीट करूनही हा सौदा फसू शकतो, हे धरूनच आकडेमोड करा.

लुईस सुआरेझचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०२०मध्ये बार्सिलोनाला तो ३३व्या वर्षी जड झाला. पगार मोठा, गुडघे दुखरे, धावणं कमी. त्याला जवळजवळ फुकटात अॅटलेटिको माद्रिदला देऊन टाकलं. बार्सिलोनाचं निदान तसं चुकलेलं नव्हतं. पण तो गेला ते क्लब पळणाऱ्यांचं होतं. प्रशिक्षक सिमिओनेच्या संघात कोके, योरेंते, कोरेआ यांना धावण्याचं वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्याच सामन्यात सुआरेझ बदली म्हणून शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी आला आणि दोन गोल करून गेला. लीगमध्ये एकूण २१ गोल. शेवटच्या दिवशी वायादोलिदविरुद्ध विजयी गोल त्याचाच आणि ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, अॅटलेटिकोची. पुढच्या वर्षी ११ गोल, आणि निरोप. दोन वर्षांचा हिशेब, एक विजेतेपद. असा सौदा मी दहा वेळा करीन.

म्हणून वयाचा आकडा पाहून घाबरू नका, पण त्या वयात काय काय झालंय ते नीट पाहा. वेन रूनी आणि जेमी वार्डी यांच्या वयात जेमतेम सव्वा वर्षाचा फरक. रूनी १६व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरला. वार्डी २५ वर्षांचा होईपर्यंत व्यावसायिक लीगच्या बाहेर खेळत होता आणि प्रीमियर लीगमध्ये पोहोचला तेव्हा २७ वर्षांचा. २०१७मध्ये एव्हर्टनने ३१ वर्षांच्या रूनीला घरी आणलं तेव्हा त्याच्या पायांत पंधरा हंगामांची झीज होती. लीगमध्ये १० गोल करून वर्षभरात तो अमेरिकेला गेला. वार्डीने मात्र ३३व्या वर्षी २३ गोल करून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट मिळवला. एवढ्या वयात तो कोणीच मिळवला नव्हता. तुमच्या डॉक्टरला जन्मतारखेपेक्षा एकूण किती मिनिटं खेळून झालीत, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू किती वेळा गेला, गुडघ्यावर चाकू कधी फिरला, हे विचारा. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते, वयाने आणखी वाढते, आणि मेडिकलच्या दिवशी मात्र सगळे स्नायू शहाण्यासारखे वागतात.

राडामेल फाल्काओ २८व्या वर्षी युनायटेडमध्ये उसना आला तेव्हा लीगमध्ये ४ गोल करून गेला. पुढच्या वर्षी चेल्सीत एक. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून तो सावरत होता. सगळ्यांनी त्याचं दुकान बंद झालं असं ठरवलं. ३१व्या वर्षी त्याने मोनाकोचा कर्णधार म्हणून २१ गोल केले आणि फ्रेंच लीग जिंकली. विशीत म्हातारा, तिशीत तरुण. आणि हो, मोनाकोत त्याच्या शेजारी एम्बापे पळत होता.

घसरण येते तेव्हा पायरीपायरीने येत नाही, ही गोष्ट करार लिहिणाऱ्यांनी डोक्यात पक्की बसवावी. लुका तोनीला वेरोनाने ३६व्या वर्षी घेतलं. नव्यानेच सेरी आत परतलेला क्लब, आणि संपला असं समजला जाणारा स्ट्रायकर. पहिल्या वर्षी २० गोल. दुसऱ्या वर्षी २२, आणि ३८व्या वर्षी इटलीतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, इकार्दीच्या बरोबरीने. इतक्या उशिरा हा मान आधी कोणालाच मिळालेला नव्हता. वेरोनाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तिसऱ्या वर्षीही त्याच्याच खांद्यावर संघ ठेवला असता. त्यांनीही ठेवला. हंगामाच्या सुरुवातीलाच तोनी जायबंदी झाला, वर्षभरात त्याचे लीगमध्ये ६ गोल झाले आणि वेरोना तळाला राहून खालच्या विभागात गेली. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याने युव्हेंटसविरुद्ध पेनल्टी मारली तीही अलगद, गोलकीपर पडल्यावर मधोमध चिप करून. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. तेव्हा वेरोनाचं उतरणं आधीच पक्कं झालेलं होतं.

तोनीचा दोष काय? काहीच नाही. दोष आहे तो २२ गोलांकडे बघून पुढच्या २२ गोलांचा अंदाज बांधणाऱ्यांचा. २३ वर्षांच्या पोराने २२ गोल केले तर तो पुढे २५ करील असं धरायला हरकत नाही. ३८ वर्षांच्या माणसाचे २२ गोल म्हणजे आजवरचा हिशेब पूर्ण झाला, पुढचं पान कोरं.

गाब्रिएल बातिस्तुताचं उलट आहे. २०००मध्ये रोमाने ३१ वर्षांच्या, गुडघे आणि घोटे झिजलेल्या बातिस्तुतासाठी ७० अब्ज लिरा मोजले. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. पहिल्या वर्षी लीगमध्ये २० गोल आणि १९८३नंतर प्रथमच रोमा विजेती. दुसऱ्या वर्षी ६ गोल. हिशेबतपासनीस म्हणेल सौदा बुडाला. रोमाच्या कोणत्याही प्रेक्षकाला विचारून बघा. त्यानंतर आजवर त्यांना लीग जिंकता आलेली नाही. ज्या संघाला एकाच गोष्टीची उणीव आहे, आणि ती उणीव म्हणजे गोलसमोर न गांगरणारा माणूस आहे, त्याने एका वर्षासाठी असा डाव खेळावा. सहाव्या-सातव्या क्रमांकावर घुटमळणाऱ्या, दहा ठिकाणी भोकं असलेल्या संघाने खेळू नये.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त मोठं नाव दिसलं की तुम्ही विसरता. फ्री ट्रान्सफर फुकट नसते. फीचे पैसे सहीच्या बोनसमध्ये, एजंटच्या कमिशनमध्ये आणि पगारात शिरतात. तरुण खेळाडूवर घातलेले पैसे तो चालला नाही तरी विकून काही प्रमाणात परत येतात, इथे परत काहीच येत नाही. जर्सी विकून पैसे वसूल होतील हे तर कोणी बैठकीत म्हणाला तर त्याला चहा पाजून बाहेर बसवा; जर्सीच्या विक्रीतला मोठा वाटा ती बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. युरोपच्या स्पर्धांत खेळणार असाल तर पगार, ट्रान्सफर आणि एजंट मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवायचा नियम आता लागू आहे, म्हणजे त्याला दिलेला प्रत्येक युरो कोणाच्या तरी ताटातून काढलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, त्याचा पगार कळला की पुढच्या आठवड्यात कर्णधाराचा एजंट फोन करतो, मग गोलकीपरचा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ते इथे तंतोतंत लागू पडतं.

माझ्या या हिशेबात न बसणारं एक उदाहरण आहेच. रॉबर्ट लेवांडोव्स्की. २०२२मध्ये बार्सिलोनाने, खिशात दमडी नसताना, पुढच्या २५ वर्षांच्या टीव्ही हक्कांतला हिस्सा विकून पैसा उभा केला आणि ३३ वर्षांच्या लेवांडोव्स्कीला साडेचार कोटी युरो देऊन चार वर्षांचा करार दिला. शहाण्या माणसाने हे करू नये. त्याने पहिल्याच वर्षी २३ गोल करून लीग जिंकून दिली आणि २०२४-२५मध्ये, ३६व्या वर्षी, लीगमध्ये २७ गोल केले, पुन्हा विजेतेपद. शरीराची अशी निगा राखणारा माणूस पिढीत एखादा. तुमच्या फाइलमधला तसाच आहे असं तुम्हाला वाटत असेल तर बाकीच्या क्लबांनाही त्यांच्या फाइलबद्दल नेमकं तेच वाटतंय, एवढं लक्षात असू द्या.

करार एक वर्षाचा करा. दुसऱ्या वर्षाचा पर्याय क्लबच्या हातात ठेवा. ठरावीक सामने खेळला की दुसरं वर्ष आपोआप लागू होईल, असं कलम एजंट हमखास पुढे करील. ते मान्य करू नका. एप्रिल उजाडला की प्रशिक्षकावर वरून दबाव येतो, आणखी दोन सामने खेळला तर पुढच्या वर्षीचा पगार अंगावर येईल, त्याला नका खेळवू म्हणून. खेळाडूला हे कळतं, ड्रेसिंग रूमला कळतं, आणि आम्हाला तिकीट काढून बसलेल्यांनाही कळतं. त्यापेक्षा गोलांचा, विजेतेपदाचा बोनस सढळ हाताने द्या.

आता मूळ मुद्द्याकडे, बाकाकडे.

१९ ऑक्टोबर २०२२. युनायटेड टॉटेनहॅमविरुद्ध २-० पुढे होती, त्या हंगामातल्या त्यांच्या सर्वांत चांगल्या खेळांपैकी एक. रोनाल्डो बाकावर होता. शेवटच्या काही मिनिटांसाठी त्याला उतरायला सांगितलं, तो नाही म्हणाला, आणि सामना संपण्याआधीच उठून बोगद्यातून निघून गेला. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या दहा-बारा पोरांबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. एरिक टेन हागने पुढच्या सामन्यासाठी त्याला संघाबाहेर ठेवलं आणि क्लब प्रशिक्षकाच्या मागे उभा राहिला. महिनाभरात, एका मुलाखतीत क्लबचे वाभाडे काढून झाल्यावर, करार संपला. त्या हंगामात युनायटेड तिसरी आली आणि लीग कपही जिंकली. क्लबने तेव्हा जे केलं ते बरोबरच, पण हे संभाषण २०२१च्या ऑगस्टमध्ये, सही करण्याआधी व्हायला हवं होतं. तेव्हा सगळे रोनाल्डोच्या विमानाच्या मार्गाचा नकाशा बघत बसले होते.

त्याच वर्षी विश्वचषकात पोर्तुगालच्या प्रशिक्षकाने स्वित्झर्लंडविरुद्ध त्याला बाकावर बसवून २१ वर्षांच्या गोन्सालो रामोसला उतरवलं. रामोसने हॅटट्रिक केली, पोर्तुगाल ६-१ जिंकलं. पुढच्या सामन्यात मोरोक्कोने त्याच रामोसला गप्प बसवलं, रोनाल्डोला दुसऱ्या सत्रात उतरवूनही उपयोग झाला नाही, १-० हार. म्हणजे बाकावर बसवलं की विजय मिळतोच असं नाही. पण निर्णय घेण्याचा हक्क प्रशिक्षकाकडे असला की हरल्यावर चर्चा खेळाची होते, माणसाची कमी.

हेन्रिक लार्सनसारखे लोकही असतात. २००६च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोना आर्सेनलविरुद्ध एका गोलने मागे होती. तासाभराने ३४ वर्षांचा लार्सन बाकावरून आला. त्याने एतोला चेंडू लावून दिला, बरोबरी. मग बेलेत्तीला, विजय. स्वतःचा गोल एकही नाही. सामन्यानंतर हरलेल्या संघाचा थिएरी आँरी म्हणाला ते साधारण असं, की सगळे रोनाल्डिन्यो आणि एतोचं नाव घेतात, मला तर आज लार्सनच दिसला. पुढच्या वर्षी ३५व्या वर्षी तो जेमतेम दहा आठवड्यांसाठी युनायटेडमध्ये उसना आला, ३ गोल केले, ठरल्या दिवशी परत गेला. त्याला थांबवायची क्लबची इच्छा होती. युनायटेड लीग जिंकली. कोणत्या कामासाठी आलोय आणि किती दिवस, हे त्याला आणि क्लबला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून कुठेच कुरबूर झाली नाही.

आता तर पाच बदली खेळाडूंचा नियम कायमचा झाला आहे. शेवटची पंचवीस-तीस मिनिटं, प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू दमलेले, क्रॉस येतायत, आणि बॉक्समध्ये वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस ताज्या पायांनी उतरतो. वय झालेल्या स्ट्रायकरसाठी याहून चांगला काळ फुटबॉलमध्ये कधी नव्हता. पण हे काम त्याला काम वाटलं पाहिजे, शिक्षा नव्हे. आणि ते तसं वाटेल की नाही हे तो आल्यावर कळून उपयोग नाही.

आणखी एक जण आहे ज्याच्याबद्दल तुमच्या फाइलमध्ये अवाक्षर नाही. तुमच्या अकादमीतून वर आलेला एकोणीस-वीस वर्षांचा स्ट्रायकर, ज्याला या वर्षी मिनिटं मिळणार होती. इब्रासोबत सराव करून मिलानची पोरं मोठी झाली, हे खरं. पण ती सोबत मैदानावरही उतरत होती. म्हातारा दर सामना ९० मिनिटं खेळला तर पोराला त्याच्याकडून शिकायला मिळेल ते फक्त सराव संपल्यावर बर्फाच्या टबात कसं बसायचं ते. नुसत्या सहवासाने स्ट्रायकर घडत नाही. दोघांच्या मिनिटांचा हिशेब एकाच कागदावर मांडा आणि तो कागद दोघांनाही दाखवा.

तर माझी विनंती अशी. एजंटशी पुढची बैठक होईल तेव्हा प्रशिक्षकाला त्या खोलीत बसवा. आंद्री शेवचेन्कोला चेल्सीने २००६मध्ये सुमारे तीन कोटी पौंड देऊन आणलं, त्यामागे प्रशिक्षकापेक्षा मालकाची हौस मोठी होती असं तेव्हापासून बोललं जातं. लीगमध्ये त्याचे तिथे एकूण ९ गोल झाले. प्रशिक्षकाने खेळाडूला, तुमच्यासमोर, एजंटला मध्ये बोलू न देता सांगावं, की सुरुवातीला तू साधारण किती सामने खेळशील, कोणत्या सामन्यांत बाकावर असशील, पेनल्टी कोण घेणार, आणि चेंडू त्यांच्या गोलकीपरकडे असताना तू कुठे उभा राहायचं. मग सगळ्यांनी गप्प बसावं आणि खेळाडू पहिला प्रश्न कोणता विचारतो ते ऐकावं. त्याने संघातल्या पोरांबद्दल, क्रॉस कोण टाकतो याबद्दल, सरावाबद्दल विचारलं तर कागद पुढे करा. त्याने जर्सीचा नंबर विचारला तर चहा झाल्यावर त्याला गाडीपर्यंत सोडायला जा आणि अकादमीतल्या पोराला फोन लावा.

आपला,
दर हंगामाचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढणारा एक प्रेक्षक